थर्मल कॅमेऱ्याने तपासणी: वीज पॅनेल, ओल, सोलर आणि थोडे इतर

मोबाईलच्या चार्जिंग पोर्टला लावायचे छोटे थर्मल कॅमेरे आल्यापासून हे यंत्र वायरमन, प्लंबर, सोलर बसवणारे अशा अनेकांच्या पिशवीत पोहोचले आहे. चित्र काढायला दोन सेकंद लागतात. त्या चित्रावरून पॅनेल बंद करायचे की नाही, बाथरूमची लादी उखडायची की नाही हे ठरवताना मात्र कॅमेऱ्यापेक्षा तपासणीची वेळ, त्या वेळचा लोड आणि समोरचा पृष्ठभाग यांचा विचार जास्त करावा लागतो. बहुतेक चुका तिथेच होतात.

कॅमेरा काय बघतो

वस्तूच्या पृष्ठभागावरून निघणारे इन्फ्रारेड किरण, तेही साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे, कॅमेरा टिपतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. या किरणांना साधी काच आरपार जाऊ देत नाही, म्हणून कॅमेऱ्याची भिंग जर्मेनियमची असते. खिडकीच्या काचेतून किंवा पॅनेलच्या अ‍ॅक्रिलिक झाकणातून आतले काही दिसत नाही. दिसते ते काचेचे तापमान आणि तुमचे स्वतःचे प्रतिबिंब. भिंतीच्या आरपार तर मुळीच दिसत नाही. गंमत म्हणजे कचऱ्याच्या पातळ काळ्या पिशवीतून बऱ्यापैकी दिसते.

चकचकीत धातू हा सर्वांत मोठा सापळा. पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती प्रमाणात बाहेर टाकतो त्या आकड्याला इमिसिव्हिटी म्हणतात. रंग दिलेला पत्रा, वीट, काँक्रीट, पीव्हीसी इन्सुलेशन, लाकूड यांची इमिसिव्हिटी ०.९ ते ०.९५ असते, त्यामुळे कॅमेरा ०.९५ वर ठेवून चालते. घासलेले तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियम ०.१ च्या खालीही जाते. आता हिशेब बघा. आजूबाजूला ३५ अंश सेल्सिअस आहे, उघडा तांब्याचा बसबार (पॅनेलमधली वीज वाहून नेणारी जाड पट्टी) प्रत्यक्षात ९० अंशांवर आहे, त्याची इमिसिव्हिटी ०.१ आणि कॅमेरा ०.९५ वर. कॅमेरा दाखवेल ४२-४३ अंशांच्या आसपास. म्हणजे जळायला आलेला जोड चित्रात कोमट दिसतो.

यावर दोन उपाय आहेत. सप्लाय बंद असताना बसबारवर किंवा लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तोंडावर) चांगल्या प्रतीच्या काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवा (टेपची इमिसिव्हिटी ०.९५ च्या जवळ असते), लोड आल्यावर मोजमाप त्या टेपवर घ्या. दुसरा, रोजच्या कामाचा: उघड्या धातूकडे बघूच नका, त्याला लागून असलेल्या केबलच्या इन्सुलेशनवर किंवा लगवरच्या स्लीव्हवर मोजा. कॅमेऱ्यात इमिसिव्हिटी ०.१ भरून धातूचे ‘खरे’ तापमान काढायच्या फंदात पडू नये. इतक्या कमी आकड्यावर थोडासा अंदाज चुकला तरी उत्तर वीस-तीस अंशांनी सरकते.

चित्र काढण्याआधी

कॅमेरा सुरू करून १० मिनिटे थांबा. एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेला असेल तर १५. सेन्सर स्थिर होईपर्यंत आकडे सरकत राहतात. मधूनमधून ‘टिक्’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर थिजते, तो आतला शटर आहे. कॅमेरा स्वतःला जुळवून घेत असतो. त्या आवाजानंतर लगेच घेतलेला आकडा जास्त भरवशाचा. पावसाळ्यात थंड गाडीतून बाहेर काढल्यावर भिंगेवर बाफ धरते, ती कागदाने घासू नका, उडू द्या.

आपोआप बदलणारी रंगपट्टी नवख्यांना हमखास फसवते. समोरच्या दृश्यात सगळे ३१ ते ३३ अंशांत असले तरी कॅमेरा ३३ ला लालभडक रंगवतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दृश्य एकदा नीट बघून झाले की पट्टीची वरची-खालची मर्यादा हाताने ठरवून कुलूपबंद करा, आणि तीन फेज किंवा दोन खोल्या यांची तुलना करताना तीच ठेवा. रंगांच्या तऱ्हांपैकी राखाडी आणि लोखंडी (तापत्या लोखंडासारखी काळ्या-जांभळ्यापासून नारिंगी-पांढऱ्यापर्यंत जाणारी) पट्टी कामाच्या आहेत. इंद्रधनुष्यी पट्टी दिसायला झकास, पण नसलेल्या कडा दाखवते.

अंतराचा हिशेब फार थोडे लोक करतात. समजा कॅमेरा २५६ × १९२ पिक्सेलचा आहे आणि त्याचा कोन ५६ अंश आहे. ५६ भागिले २५६ केले तर एका पिक्सेलला साधारण ०.२२ अंश येतात, म्हणजे एक मीटरवर ३.८ मिमी. भरवशाच्या मोजमापासाठी गरम जागेने किमान ३ × ३ पिक्सेल व्यापले पाहिजेत, म्हणजे एक मीटरवरून ११-१२ मिमीपेक्षा लहान वस्तूचे तापमान या कॅमेऱ्याने मोजता येत नाही. १० मिमीचा लग असेल तर आकडा आजूबाजूच्या थंड भागात मिसळून कमी येतो. अर्ध्या मीटरवर तोच लग नीट मोजला जातो. पण जिवंत पॅनेलच्या अर्ध्या मीटरवर उभे राहायचे का, हा वेगळा प्रश्न आहे. म्हणूनच औद्योगिक कामाला अरुंद कोनाचे आणि जास्त पिक्सेलचे कॅमेरे घेतात.

वीज पॅनेल आणि मीटर रूम

थर्मल कॅमेऱ्याचा पैसा सर्वांत लवकर वसूल होतो तो इथे. ढिल्या किंवा गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, त्यातून प्रवाह गेला की जोड तापतो, तापला की आणखी ऑक्साइड धरतो, आणि एक दिवस इन्सुलेशन पेटते. हा प्रवास बरेच महिने चालतो, त्यामुळे पकडायला वेळ मिळतो.

आधी सुरक्षेचे. ४१५ व्होल्टचे पॅनेल चालू स्थितीत उघडायचे असते, कारण बंद पॅनेल तापत नाही. त्यामुळे हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे आहे, आणि एकट्याने करायचे नाही. दार उघडताना समोर न राहता बाजूला उभे राहा, हातात अंगठी-कडे नको, पायाखाली रबरी मॅट हवी. आतले अ‍ॅक्रिलिक झाकण काढावे लागते, ते निसटून बसबारवर पडले अशी शक्यता आधीच गृहीत धरा. दार बंद ठेवून बाहेरून घेतलेले चित्र जवळजवळ निरुपयोगी; मात्र बंद दाराच्या पत्र्यावरच एखादा ठिपका गरम दिसत असेल तर आतली परिस्थिती गंभीर आहे असे समजून आधी लोड कमी करा. वीज कंपनीचे सील असलेले मीटर आणि कटआउट (मुख्य फ्यूज) उघडू नयेत. बाहेरून दिसले तेवढे टिपून त्यांना कळवावे.

लोड पुरेसा हवा. रेटेड प्रवाहाच्या निदान ४० टक्के. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सकाळी अकराला घेतलेले सोसायटीच्या मीटर रूमचे चित्र निष्पाप दिसते. मे महिन्यात रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, सगळ्या घरांतले एसी चालू असताना घ्या. कारखान्यात सर्व मशिन्स चालू झाल्यावर किमान तासभराने. प्रत्येक चित्राबरोबर क्लॅम्प मीटरने (केबलभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा प्रवाह लिहून ठेवा. प्रवाहाचा आकडा नसलेल्या चित्राला अर्थ नाही.

चित्र वाचताना नुसते तापमान बघू नका, उष्णतेचा आकार बघा:

- जोडावर सर्वांत गरम आणि केबलवर पुढे जाताना हळूहळू थंड होत जाणारे: ढिला, गंजलेला किंवा नीट क्रिंप न झालेला (दाबून घट्ट न बसलेला) लग.
- केबलची संपूर्ण लांबी सारखीच गरम: जोडात दोष नाही, केबल लोडला कमी पडते आहे. पीव्हीसी केबलची मर्यादा ७० अंश, एक्सएलपीईची ९०.
- एकच फेज पूर्ण गरम: फेजवर लोड असमान वाटला गेला आहे. क्लॅम्प मीटर खात्री देईल.
- एकच फेज पूर्ण थंड: त्या फेजचा फ्यूज उडाला असेल, किंवा त्यावर लोडच नसेल.
- एचआरसी फ्यूजचे (मोठा प्रवाह तोडणाऱ्या, क्लिपमध्ये बसणाऱ्या फ्यूजचे) फक्त एक टोक गरम: क्लिपची पकड सैल. मधला भाग थोडा गरम असणे नैसर्गिक आहे.
- न्यूट्रल फेजइतकाच किंवा जास्त गरम: एलईडी ड्रायव्हर, यूपीएस, संगणक यांच्या हार्मोनिक्सचा (प्रवाहाच्या लहरीतल्या बिघाडाचा) संशय घ्या.
- केबल थंड, पण ती जिथून आत येते ती लोखंडी ग्लँड प्लेट गरम: एककोरी केबल वेगवेगळ्या भोकांतून नेल्या आहेत आणि प्लेटमध्ये एडी करंट (चुंबकीय क्षेत्रामुळे धातूतच घुमणारा प्रवाह) फिरतोय. तिथे अ‍ॅल्युमिनियमची प्लेट लावावी.

एमसीबी आणि कॉन्टॅक्टरची (विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल भरल्या लोडवर ५०-६० अंश दाखवते, ते घाबरण्यासारखे नाही. दाटीवाटीने बसवलेल्या एमसीबींमध्ये मधली बाजूच्यांपेक्षा जास्त गरम असते, तेही साहजिक.

किती फरक म्हणजे धोका, यासाठी अमेरिकेतील नेटा या विद्युत चाचणी संघटनेचा तक्ता जगभर वापरतात. सारख्याच लोडवरच्या सारख्या दोन भागांत १ ते ३ अंश फरक असेल तर लक्ष ठेवा, ४ ते १५ अंश असेल तर दोष असण्याची दाट शक्यता, सवडीने दुरुस्ती करा. १५ च्या वर गेला तर ताबडतोब. आजूबाजूच्या हवेशी तुलना करत असाल तर ४० अंशांच्या वर ताबडतोब.

हा तक्ता वापरताना एक गोष्ट विसरली जाते. फरक त्या वेळच्या लोडवर मोजलेला असतो. समजा १०० अँपिअरच्या फीडरवर ४० अँपिअर असताना एक जोड इतर दोघांपेक्षा १२ अंशांनी गरम आहे. तक्त्याप्रमाणे ‘सवडीने’. पण पूर्ण लोडवर प्रवाह २.५ पट होईल आणि तापमानाचा फरक साधारण प्रवाहाच्या १.६ ते २ घाताने वाढतो, म्हणजे सव्वाचार ते सव्वासहा पट. १२ चे ५२ ते ७५ अंश होतात. हा जोड आजच दुरुस्तीला घ्यायचा.

दुरुस्ती म्हणजे पाना घेऊन बोल्ट आवळणे नव्हे. तापून गेलेला अ‍ॅल्युमिनियम लग मऊ पडतो, स्प्रिंग वॉशरचा ताण गेलेला असतो. नुसते आवळले तर आठवडाभर बरे दिसते आणि पुन्हा तापते. सप्लाय बंद करून जोड उघडा, दोन्ही तोंडे स्वच्छ करा, वॉशर बदला, लग काळवंडला असेल तर केबलचे टोक कापून नवीन क्रिंप करा. अ‍ॅल्युमिनियम केबल तांब्याच्या बसबारला जोडताना बायमेटल (एक बाजू अ‍ॅल्युमिनियमची, एक तांब्याची) लग लावा, विशेषतः कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत. बोल्ट टॉर्क रेंचने, उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला. मग तेवढ्याच लोडवर दुसरे चित्र घ्या.

उघड्यावरचे ट्रान्सफॉर्मर आणि लाईनचे जोड सूर्यास्तानंतर बघावेत. उन्हाने तापलेला पत्रा दोष लपवतो. वाऱ्याकडे लक्ष असू द्या: ताशी १५-२० किमीच्या वाऱ्यात तापमानवाढ निम्म्यावर येऊ शकते, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी ८ अंशांचा फरकही गंभीर धरावा.

ओल आणि गळती

कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही. ओलसर गिलाव्यातून बाष्पीभवन होते, त्याने पृष्ठभाग १ ते ३ अंशांनी थंड होतो, आणि कॅमेरा तो थंडावा दाखवतो. हे एकदा समजले की जुलैमध्ये मुंबईत काढलेल्या चित्रात काहीच का दिसत नाही तेही कळते. हवेत ९० टक्के आर्द्रता असली की बाष्पीभवन जवळपास थांबते. छतातून पाणी टपकत असतानाही चित्र सपाट येते. अशा वेळी खोली बंद करून दोन-तीन तास एसी ‘ड्राय’ मोडवर चालवा, मग एसी बंद करून पंखा संशयित भिंतीकडे वळवा आणि अर्ध्या तासाने बघा.

थंड दिसणारा प्रत्येक डाग ओलीचा नसतो. आरसीसी बीम आणि कॉलम विटेच्या भिंतीपेक्षा वेगळ्या गतीने तापतात-थंड होतात. त्यांच्या कडा सरळ, पट्ट्यासारख्या असतात. एसीचा झोत जिथे आदळतो तिथेही डाग उमटतो. ओलीचा डाग वेडावाकडा आणि कडांना विरत जाणारा असतो. ऑइल पेंट किंवा चकाकत्या टाइलवर गरम ठिपका दिसला तर दोन पावले बाजूला सरका. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर तो तुमचाच आहे.

संशयित जागेवर दोन टोचण्यांचा मॉइश्चर मीटर लावून त्याच भिंतीच्या कोरड्या भागाशी तुलना करा. मीटरलाही एक खोड आहे: लोणा लागलेल्या भिंतीत क्षार असतात, ते वीज वाहून नेतात आणि वाळलेली भिंतही ओली दाखवतात. त्यामुळे कॅमेरा आणि मीटर दोघेही ‘हो’ म्हणाले तरच फोडाफोडी.

बाथरूमच्या खालच्या छतावर ओल असेल तर पाणी पाइपातून येते की लादीच्या सांध्यातून, हा खरा प्रश्न. याचा क्रम असा ठेवावा. बाथरूम आदल्या दिवसापासून कोरडे ठेवून खालच्या छताचे एक चित्र घ्या. मग फक्त गीझरचे गरम पाणी बेसिनच्या नळातून १०-१५ मिनिटे सोडा. लादीवर थेंब पडू देऊ नका. खालून आणि भिंतीतून चित्र घ्या. भिंतीत लपलेली गरम पाण्याची लाईन पट्ट्यासारखी उमटते. गळत असेल तर त्या पट्ट्याला पोट आलेले दिसते. लाईन ठीक निघाली तर सगळे निवल्यावर नहाणी ट्रॅप (लादीतले पाणी जाण्याची जाळी) चिंधीने बंद करून लादीवर दोन-तीन सेंटिमीटर गरम पाणी साठवा. खाली डाग तासाभराने ट्रॅपभोवती गोल उमटला तर ट्रॅपचा सांधा, भिंतीच्या कडेने उमटला तर कोपऱ्यातले वॉटरप्रूफिंग. शेवटी ट्रॅपमधली चिंधी काढून पाणी जाऊ द्या आणि सांडपाण्याच्या पाइपावर नजर ठेवा. दोन चाचण्या एकाच दिवशी घाईने उरकल्या तर पहिलीची ऊब दुसरीच्या निकालात मिसळते.

थंड पाण्याची लाईन शोधणे अवघड, कारण पाणी आणि भिंत एकाच तापमानाला असतात. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी चांगले तापलेले असते. तेव्हा नळ सोडला तर थंड पाण्याची लाईनही भिंतीत उमटते.

गच्चीचे तंत्र उलटे आहे. पाणी धरलेला भाग दिवसभर जास्त उष्णता साठवतो आणि सूर्यास्तानंतर कोरड्या भागापेक्षा उशिरा निवतो, म्हणून ओल इथे गरम दिसते. स्वच्छ उन्हाचा दिवस, सूर्यास्तानंतर एक ते तीन तास, वर साचलेले पाणी नाही आणि वारा मंद, अशी वेळ हवी. आपल्याकडे ती ऑक्टोबरात मिळते: पावसाळ्याचे पाणी अजून आत आणि आकाश मोकळे. ब्रिकबॅट कोब्याच्या गच्चीवर अपेक्षा मर्यादित ठेवा. कोबा जाड असतो, पाणी विटांच्या तुकड्यांतून लांबवर फिरते आणि टपकते भलतीकडेच. कॅमेरा कोब्यात पाणी कुठे साठले आहे ते सांगू शकतो, ते शिरले कुठून ते सांगत नाही. पॅरापेटचा सांधा, पाण्याच्या टाकीचा पाया आणि पावसाळी पाइपाचे तोंड डोळ्यांनीच तपासावे लागते.

सोलर पॅनेल

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यानंतर घरांच्या छतांवर पॅनेल वाढले, आणि उत्पादन कमी का येते हा प्रश्नही. आयईसी ६२४४६-३ या मानकानुसार पॅनेलच्या पृष्ठभागावर निदान ६०० वॉट प्रति चौरस मीटर ऊन हवे. आपल्याकडे निरभ्र दिवशी साडेदहा ते अडीच ही वेळ बरी. इन्व्हर्टर चालू आणि लोडवर हवा. आधी पॅनेल धुवा, नाहीतर कबुतराची विष्ठाच हॉटस्पॉट म्हणून नोंदली जाईल. काचेवर फार तिरपे बघू नका, आकाशाचे प्रतिबिंब येते. मागची बाजू दिसत असेल तर तिथून घेतलेले मोजमाप अधिक चांगले.

एकच सेल आजूबाजूच्यांपेक्षा बराच गरम असेल तर सेलला तडा किंवा सावली. पॅनेलचा एक तृतीयांश पट्टा सारखाच उबदार असेल तर त्या भागाचा बायपास डायोड (बिघडलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेणारा) चालू स्थितीत अडकला आहे किंवा त्या पट्ट्यावर कायम सावली आहे. एक पूर्ण पॅनेल किंवा पूर्ण स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलची रांग) बाकीच्यांपेक्षा काही अंशांनी गरम असेल तर ती वीज देतच नाही. आधी कनेक्टर आणि फ्यूज बघा. जंक्शन बॉक्सच्या वरचे सेल थोडे गरम असतातच. पॅनेल तपासून झाले की पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरवर कॅमेरा फिरवायला विसरू नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर जोडलेले असतील तर आगीची सुरुवात तिथून होण्याची शक्यता जास्त.

मोटार, शीतगृह

मोटारीचे बेअरिंग एकट्याने बघून काही ठरत नाही. त्याच लोडवरच्या जुळ्या मोटारीशी किंवा मागच्या महिन्याच्या चित्राशी तुलना करा. व्ही-बेल्ट घसरत असेल तर बेल्ट आणि पुलीची खाच दोन्ही तापतात, पुल्या एका रेषेत नसतील तर बेल्टची एकच कड तापते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष-बेदाण्याच्या शीतगृहांत पफ (फोम भरलेल्या) पॅनेलचे सांधे आणि दाराचे गॅस्केट बाहेरून बघा. थंड पट्टा म्हणजे गळती. फ्रीझरच्या दाराच्या चौकटीत बर्फ धरू नये म्हणून हीटरची तार असते, ती गरम दिसते. तो दोष समजून चौकट उघडू नका.

चित्र जपून ठेवणे, आणि विकत घेताना

प्रत्येक पिक्सेलचे तापमान आत साठवणारी फाइल आणि पडद्याचा स्क्रीनशॉट यांत फरक आहे. पहिलीत नंतर इमिसिव्हिटी बदलता येते, रंगपट्टी सरकवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की तापमानाची माहिती निघून जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत साधा फोटो, तारीख-वेळ, हवेचे तापमान, लोडचा प्रवाह आणि अंतर.

विकत घेताना पिक्सेल वाढवलेले आहेत की सेन्सरचे मूळ आहेत ते विचारा. ८० × ६० चा कॅमेरा ओल शोधायलाही तोकडा पडतो. घरगुती ओल आणि छोट्या पॅनेलला १६० × १२० किंवा २५६ × १९२ पुरतो, मोठ्या कारखान्याला ३२० × २४० च्या खाली जाऊ नका. ओलीसाठी तापमानातला सूक्ष्म फरक ओळखण्याची क्षमता ०.०५ अंश किंवा त्याहून चांगली हवी. अचूकता बहुतेकांची अधिक-उणे २ अंश किंवा २ टक्के असते, तुलनेच्या कामाला तेवढी चालते. ९ हर्ट्झचा (सेकंदाला ९ चित्रांचा) वेग बघून नाक मुरडू नका. अमेरिकी निर्यात नियमांमुळे बरेच कॅमेरे त्याच वेगाचे विकले जातात आणि स्थिर पॅनेल किंवा भिंतीला तो पुरेसा आहे. फोकस हाताने बदलता येतो का हे मात्र दुकानातच बघून घ्या.